उधारी वसूल झाली नाही तर ती किंमतच नाही

गेले काही महिने मी आणि घरचे-मित्र मिळून चार जण एक क्यूब, म्हणजे खेळायच्या कार्डांचा ठरलेला संच, बनवतोय. मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचे नियम तसेच ठेवायचे पण कार्डं सगळी आपली. एकूण १८० कार्डं, कारण चार जणांनी प्रत्येकी १५ कार्डांची तीन-तीन पाकिटं उघडायची म्हटली की बरोबर १८० लागतात. ड्राफ्ट करायचा (पाकिटातून एक कार्ड उचलून बाकीची शेजारच्याला द्यायची), ४० कार्डांचा डेक, म्हणजे आपली गड्डी, बांधायचा, त्यात १७-एक लँड (दर टर्नला एक टेबलावर ठेवता येते, आणि प्रत्येक लँड टर्नला १ माना देते, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती), आणि खेळायचं. कार्ड म्हणजे कागदाची चिठ्ठी, जुन्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवलेली, त्यामुळे बदल करायला फक्त पेन लागतं. हे लिहायचं कारण असं की त्या १८० मधल्या फक्त १४ कार्डांनी माझा जितका वेळ खाल्लाय तितका बाकीच्या १६६ नी मिळून खाल्लेला नाही, आणि ती १४ कार्डं मला सगळ्यात जास्त आवडतात.

त्या १४ कार्डांवर एक शब्द आहे: उधारी. कल्पना अगदी साधी. कार्डाची किंमत ४ माना आहे आणि त्यावर उधारी २ लिहिलंय, तर आत्ता २ द्या आणि उरलेले २ पुढच्या टर्नला. सगळ्यात पहिलं कार्ड होतं ‘राखेतला राक्षस’, किंमत ४, ताकद ४/४ (४ डॅमेज देतो, ४ डॅमेज झाला की मरतो), उधारी २. म्हणजे दुसऱ्या टर्नलाच ४/४ टेबलावर. ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशोब मांडला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्नचा मिळून तुमच्याकडे २ अधिक ३ असा ५ माना असतो, त्यातला ४ राक्षसाला गेला, १ उरला. फुकट काहीच मिळालं नाही, फक्त माल आधी आला. मला वाटलं झालं, बॅलन्स आपोआप आहे, बेरीज जुळतेय ना.

बेरीज जुळली म्हणजे बॅलन्स झाला असं नसतं हे कळायला मला चार वेळा ती १४ कार्डं लिहायला लागली.

पहिल्या व्हर्जनमध्ये उधारी कार्डावर होती. पुढच्या टर्नच्या सुरुवातीला २ माना द्या, नाही दिला तर राक्षसाचा बळी द्या. पहिल्याच संध्याकाळी मित्राने राक्षस उतरवला, माझ्या प्राण्याला अडवून तो मेला (माझाही मेला), आणि पुढच्या टर्नला मी म्हटलं, २ माना काढ. तो म्हणाला, "अरे राक्षस मेला ना, मग कसला माना?" आणि कार्डावर लिहिलं होतं त्याप्रमाणे तो बरोबर होता. कर्जदार मेला की कर्ज माफ. आता हे एवढंच असतं तर चाललं असतं, पण क्यूबमध्ये मीच एक वेदी ठेवली होती जी प्राण्याचा बळी घेऊन एक कार्ड ड्रॉ करू देते, त्यामुळे पुढच्या गेमला त्याने राक्षस आणला, अडवायला वापरला, डॅमेज मोजायच्या आधी बळी देऊन कार्ड काढलं, आणि उधारी शून्य. मी जी शिक्षा म्हणून लिहिली होती ना, बळी द्या, ती त्याला हवीच होती.

त्या रात्री मला मॅजिकच्या स्कलक्लॅम्प या कार्डाची आठवण झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फेब्रुवारी २००४ मध्ये डार्कस्टील नावाच्या सेटमध्ये आलेलं हे इक्विपमेंट, किंमत १, प्राण्याला चढवायचीही किंमत १, ज्याला चढवाल त्याला +१/-१ आणि तो मेला की दोन कार्डं ड्रॉ. आता ते -१ बघा. कागदावर तो तोटा आहे, प्राणी कमजोर होतोय. पण १/१ प्राण्याला चढवला की तो जागच्या जागी मरतो आणि तुम्ही १ मानामध्ये दोन कार्डं काढता, परत परत. तोटाच इंजिन झाला. जून २००४ मध्ये स्टँडर्ड या स्पर्धाप्रकारात ते बॅन झालं, सेट येऊन जेमतेम चार महिने झाले होते. जे लोक दिवसभर हेच काम करतात त्यांच्या नजरेतूनही ते -१ सुटलं याने मला धीर मिळाला आणि भीतीही वाटली, कारण माझ्याकडे तर टेस्ट करायला चारच माणसं आहेत.

लायन्स आय डायमंड या कार्डाचंही तसंच आहे. १९९३ चं ब्लॅक लोटस म्हणजे शून्य मानाचं कार्ड, बळी दिलं की ३ माना, कसलीही अट नाही, त्यामुळे ते किती बेसुमार होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मग १९९६ मध्ये मिराज सेटमध्ये तेच काम करणारं लायन्स आय डायमंड आलं, पण एक अट घालून: ३ माना हवा तर हातातली सगळी कार्डं फेकून द्यायची. हात रिकामा करून ३ माना मिळवून करणार काय, असं वाचताना वाटतं. पण ज्या डेकला कार्डं हातात नकोच आहेत, डिस्कार्डच्या ढिगात हवी आहेत, किंवा जो डेक आधी शोधकार्ड खेळून त्याच्या उत्तरात डायमंड फोडतो, त्याच्यासाठी ती अट नाहीच. अट तेव्हाच अट असते जेव्हा ती पाळताना काहीतरी जातं.

मला या सगळ्यातून जे सापडलं ते हेच की किंमत लिहिणं वेगळं आणि किंमत वसूल होणं वेगळं. कार्ड डिझाइन करताना आपण कोपऱ्यात आकडा लिहितो आणि समजतो की खेळणारा तो देणार. मी आता प्रत्येक कार्डाबद्दल विचारतो, ही किंमत कोणत्या क्षणी, कोणाकडून, कशातून वसूल होणार, आणि तो क्षण येणारच याची खात्री काय.

असो, दुसरं व्हर्जन. उधारी कार्डावरून काढून खेळाडूवर टाकली. राक्षस मरो, जगो, हातात परत जावो, उधारी तुमची. पुढच्या टर्नला जितका माना देणार नाही तितक्याला २-२ लाइफ सोडायचं (लाइफ शून्य झालं की हरलात). मला वाटलं २ लाइफ म्हणजे कडक आहे. दोन संध्याकाळी खेळल्यावर दिसलं की कोणीही माना देतच नाहीये! राक्षस दुसऱ्या टर्नला, तिसऱ्या टर्नला सरळ ४ लाइफ सोडून द्यायचं आणि पूर्ण ३ मानाचं दुसरं काहीतरी खेळायचं. २० लाइफमधून सुरुवात आहे, समोरचा राक्षसाकडे बघत दबून बसलाय, तो तुमच्या लाइफला हात लावायच्या स्थितीतच नाही, मग ते ४ लाइफ कुठे दुखणार? लाइफचा शेवटचा पॉइंट तेवढा महागडा असतो, वरचे सगळे चिल्लर. आणि हे मला माहीत असायला हवं होतं कारण २०११ मध्ये न्यू फायरेक्सिया सेटमध्ये नेमकं हेच झालंय, तिथे रंगीत मानाऐवजी (मानाला पाच रंग असतात) २ लाइफ देता येणारी कार्डं होती. गिटॅक्सियन प्रोब त्यातलंच, २ लाइफ द्या, समोरच्याचा हात बघा आणि वर एक कार्ड ड्रॉ करा, माना शून्य. म्हणजे डेक एका कार्डाने जवळजवळ फुकट पातळ झाला. जानेवारी २०१७ मध्ये मॉडर्न या स्पर्धाप्रकारात ते बॅन झालं. मी तेच २ लाइफचं गणित न कळत परत लिहून बसलो होतो.

तिसऱ्या व्हर्जनच्या आधी मी बाकीच्यांनी उधारी कशी केलीय ते नीट बघितलं. मॅजिकमध्येच २००७ च्या फ्युचर साइट सेटमध्ये पॅक्ट नावाची पाच कार्डं आहेत. पॅक्ट ऑफ निगेशन घ्या: शून्य माना, समोरच्याचा स्पेल, म्हणजे तो खेळत असलेलं कार्ड, रद्द, आणि तुमच्या पुढच्या अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला, कार्ड ड्रॉ करायच्या आधी) ५ माना द्या, नाही दिला तर गेम हरलात. लाइफ वगैरे नाही, थेट गेम. ही खरी कडक वसुली. पण तिथेही दोन गोष्टी. एक, लोक विसरतात, खरंच विसरतात, कार्ड ड्रॉ करतात आणि हरतात, म्हणून बरेच जण डेकवर एक फासा ठेवून देतात की हात जाण्याआधी दिसावा. आणि दुसरी मला फारच आवडलेली गोष्ट, २००९ मध्ये हाइव्ह माइंड नावाचं कार्ड आलं, ज्यात कोणीही इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदा वापरून संपणारी कार्डं, पॅक्ट त्यातलेच) खेळला की बाकी सगळ्यांना त्याची कॉपी मिळते. तर लोक काय करायला लागले, हाइव्ह माइंड टेबलावर ठेवून पॅक्ट खेळायचे. समोरच्याला पॅक्टची कॉपी मिळते, त्याची टर्न आधी येते, त्याच्याकडे तो रंगच नाही, माना नाही, तो हरला. उधारी घेतली एकाने, वसुली झाली दुसऱ्याकडून! हे वाचलं तेव्हा मी वहीत दोन पानं नुसते बाण काढत बसलो होतो.

हर्थस्टोन या कॉम्प्युटरवरच्या कार्डांच्या खेळातला ओव्हरलोड मात्र माझ्या कामाचा निघाला. तिथे शामन या पात्राची कार्डं स्वस्त असतात, उदाहरणार्थ १ मानामध्ये ३ डॅमेज, आणि ओव्हरलोड १, म्हणजे पुढच्या टर्नला तुमचा १ माना कुलूपबंद. देऊ की नको असा पर्यायच नाही. कार्ड मेलं तरी कुलूप तसंच. आणि लक्षात ठेवायचं काम कॉम्प्युटर करतो.

आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, टेबल आहे. मग तिसऱ्या व्हर्जनला मी उधारी लँडवर बसवली. उधारी २ म्हणजे तुमच्या दोन लँडवर एक-एक टोकन ठेवा, टोकन असलेली लँड अनटॅप होत नाही (माना काढलेली लँड आडवी करतात, आणि आपल्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला, अनटॅप स्टेपमध्ये, ती परत उभी होते, ते अनटॅप), तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटी टोकनं उतरतात, आणि एका लँडवर एकच टोकन. हे लिहिलं आणि बऱ्याच अडचणी एका झटक्यात गेल्या. विसरायचा प्रश्न नाही कारण लँड आडवी पडलेली डोळ्यासमोर आहे. लाइफ देऊन सुटका नाही. आणि उधारीवर उधारी चढवायची मर्यादाही आपोआप आली, जितक्या लँड तितकीच जास्तीत जास्त उधारी, वेगळा नियम लिहायची गरजच नाही. नियम जिथे वाचायला लागत नाही, टेबलाकडे बघूनच कळतो, तिथे मला सगळ्यात समाधान वाटतं.

शब्दांवर मात्र भांडण झालं. आधी मी लिहिलं होतं की "अनटॅप स्टेपमध्ये अनटॅप होत नाही". बहिणीने लगेच लँड अनटॅप करणारं दुसरं कार्ड काढून दाखवलं, अनटॅप स्टेप सोडून बाकी कधीही अनटॅप करा, उधारी बुडवा. मग "अनटॅप स्टेपमध्ये" हे दोन शब्द काढले. दोन शब्दांत आख्खी पळवाट होती. ज्यांना घरी कार्डं बनवायचीयत त्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, कार्ड वाचायला अशा माणसाला द्या ज्याला तुमच्या मनात काय होतं हे माहीत नाही, आणि त्याने चुकीचं वाचलं तर समजावू नका, कार्ड दुरुस्त करा.

आणि मग ती संध्याकाळ. ‘उधारीची वीज’ हे दुसरं कार्ड, किंमत ३, कुठल्याही टार्गेटला ४ डॅमेज, उधारी २. माझं लाइफ ७ होतं, बहिणीकडे चार लँड. १ माना, दोन टोकनं, ४ डॅमेज. मग दुसरं तसंच उधारीचं डॅमेज कार्ड, १ माना, उरलेल्या दोन लँडवर टोकनं, ३ डॅमेज. मी संपलो. तिच्या चारही लँडवर टोकनं होती, म्हणजे पुढच्या टर्नला ती पूर्ण बांधलेली. मी म्हटलं बघ किती उधारी झालीय तुझी. ती म्हणाली, "दादा, पण मी जिंकले ना, आता देऊ कोणाला?"

हेच ते. पुढची टर्नच येणार नसेल तर पुढच्या टर्नची किंमत शून्य. माझी सगळी बेरीज, २ अधिक ३ बरोबर ५, ही गेम चालू राहणार हे गृहीत धरून होती. शेवटच्या टर्नला उधारी म्हणजे फुकट माना. म्हणजे उधारी कोणत्या कार्डावर शोभते याचं उत्तर ताकदीत नाही, ते कार्ड गेम संपवतं का यात आहे. टेबलावर राहणारं, हळूहळू काम करणारं कार्ड असेल तर उधारी घेणाऱ्याला पुढची टर्न बघावीच लागते. थेट डॅमेज असेल तर तो हिशोब संपवूनच उठतो. त्यामुळे चौथ्या व्हर्जनला सगळ्या डॅमेज कार्डांवरची उधारी काढली, ‘उधारीची वीज’चं नुसतं ‘वीज’ झालं, ३ मानामध्ये ४ डॅमेज, कोणाची तक्रार नाही. त्या जागी भिंती, देवळं, रक्षक असली कार्डं उधारीवर आणली.

राक्षसावरही एक ओळ वाढली: त्याच्या मालकाच्या कुठल्याही लँडवर टोकन असेतोवर तो हल्ला करत नाही. आता बघा कसं होतं, दुसऱ्या टर्नला आला, तिसऱ्या टर्नच्या शेवटी टोकनं उतरली, चौथ्या टर्नला पहिला हल्ला. उधारीशिवाय चौथ्या टर्नला आणला असता तर पहिला हल्ला पाचव्याला. म्हणजे एका हल्ल्याचा फायदा आणि मधल्या दोन टर्न एक मोठा ४/४ दारात उभा. आक्रमक कार्ड होतं ते पहारेकरी झालं, आणि गंमत म्हणजे आता त्याला ड्राफ्टमध्ये तो माणूस उचलतो ज्याला लांबचा गेम खेळायचाय, म्हणजे ज्याच्याकडून उधारी वसूल होणारच आहे असा माणूस.

टेस्टिंगबद्दल थोडं, कारण यात माझा बराच वेळ फुकट गेला. सुरुवातीला मी जिंकणं-हरणं मोजायचो. उधारीचा डेक २० पैकी १३ गेम जिंकला आणि मी घाबरून सगळ्यांच्या किंमती वाढवल्या. नंतर गणित केलं तर दोन्ही डेक अगदी सारखे असले, नाणेफेकीसारखे, तरी आधीच ठरवलेल्या एका डेकने २० पैकी १३ किंवा जास्त जिंकायची शक्यता साधारण १३ टक्के असते. म्हणजे ती काही बातमी नव्हती. १०० गेम खेळले तरी निकाल १० टक्के इकडेतिकडे सहज असू शकतो, आणि १०० गेम चार माणसं एका कार्डासाठी खेळणार कधी. त्यात ४० कार्डांच्या डेकमध्ये एकच प्रत असलेलं कार्ड, तुमची पाळी दुसरी असेल तर चौथ्या टर्नपर्यंत ११ कार्डं (सुरुवातीची सात आणि दर टर्नला एक) बघता, म्हणजे ते दिसायची शक्यता २७.५ टक्के. २० गेम खेळून राक्षस वेळेवर दिसला पाच-सहा वेळा, आणि त्यावर मी निकाल काढत होतो.

आता मी दोन गोष्टी करतो. जे कार्ड तपासायचंय ते सरळ सुरुवातीच्या सात कार्डांत घेऊनच गेम सुरू करतो, गेम खरा राहत नाही पण कार्ड कसं वागतं ते दिसतं. आणि वहीत कोण जिंकलं हे लिहीत नाही, प्रत्येक उधारीसमोर एकच गोष्ट लिहितो: वसुलीच्या टर्नला त्या माणसाने काय केलं. लँड आडव्या असल्यामुळे त्याला काहीतरी सोडून द्यावं लागलं का, अडवायला प्राणी कमी पडला का, हातात कार्ड असून नुसता बसला का. तिथे "काही फरक पडला नाही" असं दोन-तीनदा आलं की ते कार्ड तुटलंय, मग ते गेम हरलं असलं तरी. यामुळे कमी गेममध्ये जास्त कळतं, आणि खेळणाऱ्यांनाही बरं वाटतं कारण ते नुसते आकडे पुरवत नाहीत, त्यांना विचारलं जातं.

‘सावकाराची वही’ अजून सुटलेलं नाही. किंमत ४, तीन कार्डं ड्रॉ करा, उधारी ३. १ मानामध्ये तीन कार्डं. १९९३ च्या पहिल्या सेटमध्ये १ मानाच्या बदल्यात कशाचे तरी तीन असं पाच कार्डांचं चक्र होतं, हीलिंग साल्व्ह ३ लाइफ द्यायचं, लाइटनिंग बोल्ट ३ डॅमेज, आणि अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल तीन कार्डं. आकडा तोच, आणि साल्व्ह कोणी बघत नाही तर रिकॉल आजही खेळाच्या सगळ्यात ताकदवान कार्डांत आहे. कार्डं म्हणजे पुढची उत्तरं, पुढच्या लँड, सगळंच, त्यामुळे तीन लँड एक टर्न आडव्या ठेवणं ही त्याची किंमत होत नाही. सध्या उधारी १ वर आणून दोन कार्डं केलीयत आणि मला ते आवडत नाही, नाव मोठं आणि काम लहान झालंय. उधारी घेताना ड्रॉ केलेली कार्डं टोकन उतरेपर्यंत उलटी बाजूला ठेवायची, बघता येतात पण खेळता येत नाहीत, असं करून बघायचा विचार आहे. म्हणजे मालही वसुलीनंतरच हातात.

आणि हाइव्ह माइंडच्या त्या दोन पानांतून एक नवं कार्ड निघालंय, ‘वसुलीवाला’, २/२, टेबलावर आला की समोरच्याच्या एका लँडवर टोकन. समोरच्यावर उधारी लादणारं हे आमचं पहिलंच कार्ड. भीती एकच आहे, समोरच्याला सुरुवातीलाच लँड आडव्या ठेवून बसवणं हे खेळायला फार वाईट असतं, ज्याला काहीच करता येत नाही तो खेळतच नसतो. म्हणून किंमत ४ ठेवलीय, म्हणजे तोपर्यंत समोरच्याच्याही तीन-चार लँड झालेल्या असतील. बहीण म्हणते ३ कर. अजून चिठ्ठीवर तो आकडा पेन्सिलनेच लिहिलाय.